प्रकल्प खारी: एका घराची साइट डायरी

साइटवर तेवीस वर्षं झाली. दिवसाचं काम वहीत उतरवल्याशिवाय मला झोप लागत नाही. कुठला स्लॅब, किती पोती, कोण आलं, कोणी दांडी मारली, पाऊस किती वाजता आला. घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं, त्या कामालाही तशीच वही लावली. लेकीने पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'प्रकल्प खारी' लिहून खाली पंजा काढला. पंजाला बोटं सहा झालीत.

२२ जून २०२४, शनिवार

सातारा. पाऊस भुरभुर, दुपारी तासभर उघडीप.

महामार्गालगतच्या साइटवर सळईच्या ढिगामागे उन्हाळ्यापासून एक तांबडी कुत्री मुक्कामाला होती. तिला चार पिल्लं झाली. गेल्या सोमवारी ती सर्व्हिस रोडवर डंपरखाली गेली. एक पिल्लू सेंट्रिंगवाल्याने नेलं, दोन मुकादमाने त्याच्या गावच्या वस्तीवर दिली. चौथं आज वॉचमनच्या चपलेत तोंड खुपसून झोपलेलं दिसलं. "साहेब, पोरगी हाय म्हणून कुणी न्हेईना," वॉचमन म्हणाला. ते वाक्य डोक्यात गेलं. फरशीच्या रिकाम्या खोक्यात पोतं अंथरलं आणि संध्याकाळी पिल्लू जीपमध्ये.

आई दारातच उभी होती. "कुत्रं दारात शोभतं. घरात कशाला?" बायको म्हणाली, "आठ दिवस ठेवू, तोवर तुम्ही दुसरं घर बघा." लेकीने तोपर्यंत नावही ठेवलं होतं. रंग बेकरीतल्या खारीचा, पाठीवर खरपूस आणि पोटाकडे फिका, म्हणून खारी. नाव ठेवलं की आठ दिवसांची बोली संपते, हे बायकोलाही कळत होतं.

घरात आधीपासून राहणारी एक व्यक्ती या चर्चेत नव्हती. मावशी. वय नऊ, राखाडी पट्ट्यांची मांजर, वाघाची मावशी म्हणून मावशी. ती फ्रिजवर बसून सगळं बघत होती. खोक्यातून पहिलं 'कुँई' आलं तशी तिची शेपटी बाटली घासायच्या ब्रशएवढी झाली. मग ती खिडकीतून बाहेर पडली आणि रात्री अकरापर्यंत परतली नाही.

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फरशा आहेत. मोजमाप लेकीने सुचवलं: मावशी आणि खारी यांच्यात किती फरशा, ते रोज लिहायचं.

अंतर: मोजता आलं नाही. एक पार्टी साइट सोडून गेली.

२३ जून

रविवार असूनही डॉक्टरबाईंनी सकाळी बोलावलं. वजन २ किलो ४०० ग्रॅम. दात बघून त्या म्हणाल्या सात आठवडे. माझ्या साइटच्या वहीत 'कुत्री व्याली' ही नोंद ४ मेची आहे, म्हणजे हिशेब बरोबर.

जुलाब होत होते. कारण वॉचमनचं दूध-बिस्कीट. आईचं दूध तुटलं की पिल्लाच्या पोटाला गाईचं दूध झेपेलच असं नाही, त्यातली साखर पचत नाही. त्यामुळे 'भाकर-दूध घाला, वाढेल' हा गावाकडचा सल्ला पहिल्याच दिवशी बाद. वजनावर मोजून जंताचं औषध दिलं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा, तीन महिन्यांची होईपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा.

लस पोट थांबल्यावर. मी विचारलं, एकच ठोस डोस नसतो का? बाई म्हणाल्या, आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच लसीला आडवी येते, आणि ती कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सोळा आठवड्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचायचं. गच्चीला वॉटरप्रूफिंगचे कोट देतो तसं. एक कोट कुठे बसला नाही ते पाऊस पडल्यावरच कळतं, म्हणून दुसरा मारायचा.

तोवर रस्त्यावर जमिनीला पाय लावू द्यायचा नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी. आणि फिनाईल तसंही बंद, कारण घरात मांजर आहे. मांजर फरशीवरून चालते, पंजे चाटते आणि त्यातलं रसायन तिच्या यकृताला निस्तरता येत नाही. नऊ वर्षं आम्ही फिनाईलने फरशी पुसत होतो. मावशी जगली ती स्वतःच्या हिमतीवर.

अंतर: ११ फरशा. मावशी टीव्हीच्या कपाटावर.

२४ जून

औषध लागू पडलं. शेवयांसारखे जंत, चांगले वीतभर. या आठवड्यात कुणी खिरीचं नाव काढायचं नाही असं ठरलं.

२५ जून

रात्री दोन ते चार रडणं. खोकं स्वयंपाकघरात ठेवलं होतं. बायकोचं म्हणणं, रडू दे, सवय होईल. माझंही तेच होतं. तीन वाजता आई उठली, खोकं उचलून आमच्या पलंगाशी आणून ठेवलं आणि म्हणाली, "आठ दिवसापूर्वी आई मेलीय तिची. कसली सवय लावताय?" आणि जाऊन झोपली. खारीही झोपली.

'कुत्रं दारात शोभतं' म्हणणारी हीच ती आई. वहीत नोंद असावी म्हणून लिहिलं.

दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास लघवी धरतं. जितके महिने, त्यात एक मिळवायचा. म्हणून रात्री एक आणि चारचा गजर, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन उभं राहायचं. पावसात, छत्री धरून, तीही तिच्या डोक्यावर.

२७ जून

अपघात नोंद.

संध्याकाळी खेळताना अंगठ्याच्या मुळाशी चावली. सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके, एकातून रक्ताचा थेंब. आई हळद घेऊन आली. मी म्हटलं, एवढंसं पिल्लू, याला काय करायचंय? बायको म्हणाली, "साइटवर मजुराला खिळा लागला तर तुम्ही काय करता?" गप्प गाडी काढली.

आधी साबण आणि वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते नळाखाली हात धरल्याशिवाय कळत नाही. हळद, चुना, तिखट काही नाही, पट्टीही नाही. मग सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांना मी तेच ऐकवलं, पिल्लू लहान आहे, चांगलं खातं-पितं. ते म्हणाले, "तिची आई कुठे कुठे फिरली, तिला कोण चावलं, ते तुमच्या वहीत आहे का?" नव्हतं.

रक्त आलं होतं म्हणून मला रेबीजची लस आणि शिवाय जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं. अंगठ्याच्या मुळाशी सीरम टोचतात तेव्हा काय होतं ते लिहीत नाही, ही वही लेकही वाचते. तिच्या पोटरीवर नखाचा ओरखडा निघाला, रक्त नव्हतं. तिला नुसती लस. तारखा: आज, ३० जून, ४ जुलै, २५ जुलै. दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवायचं, पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसली की पुढे औषध चालत नाही, इतकं साधं गणित आहे.

साइटवरच्या वॉचमनलाही फोन केला. चपलेत झोपायची ती त्याच्याच. म्हणाला, "चावायची की साहेब, रोज!" उद्या त्याला मीच घेऊन जाणार. मुकादम आणि सेंट्रिंगवाला यांनाही निरोप दिला.

अंतर: मोजायचं राहिलं.

३० जून

बांधकाम. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या बोळाला फाटक. एक इंची अँगलची चौकट, वेल्डेड जाळी, उंची अडीच फूट. कल्पना अशी की खारी हॉलमध्ये, आणि मावशीला स्वयंपाकघर, मागची पडवी, माळा एवढा सगळा इलाखा मोकळा. मावशी अडीच फूट सहज ओलांडते.

पहिली जाळी चार इंची चौकोनांची बसवली. खारी त्यातून आरपार गेली, मावशीची वाटी साफ केली आणि तिच्या ट्रेमधून काहीतरी तोंडात घेऊन परत आली. काय ते लिहीत नाही. तेवीस वर्षं लोकांची घरं बांधणाऱ्या माणसाला पिल्लाच्या डोक्याची रुंदी मोजावीशी वाटली नाही.

संध्याकाळी जाळी बदलून दोन इंची. मावशीची वाटी ओट्यावर, ट्रे माळ्याच्या जिन्याखाली. ट्रेमध्ये आमच्याकडे साइटवरची क्रश सँड चाळून घालतो. बाजारातली सुगंधी वाळू आणली होती एकदा, मावशीने ती वापरली नाही, तिच्या शेजारी बसली.

वाट्या वेगळ्या ठेवण्याला हद्दीपलीकडचंही कारण आहे. मांजराला टॉरिन नावाचं पोषणद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, ते नसलं तर डोळे आणि हृदय जातं. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल एवढं असतंच असं नाही. उलट मांजराचं खाणं पिल्लाला फार जड.

अंतर: ६ फरशा, मध्ये जाळी.

१ जुलै

पहिली लस. ओरडली नाही. परत येताना जीपमध्ये ओकली.

६ जुलै

चोरी पकडली. देवघराच्या पाटाखाली चपातीचे चार तुकडे, एकावर मुंग्या. जेवताना टेबलाखालून कुणीही काही द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. लेक म्हणाली मी नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "अरे, ते लेकरू बघत बसतं. माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही."

खरी अडचण चपातीची नव्हती. भाजीच्या रश्श्यात भिजवून दिलेल्या चपातीची होती. आमच्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मी आईला हे नीट समजावून सांगायला बसलो तर ती उठून गेली.

बायकोचा तोडगा माझ्यापेक्षा चांगला. दुपारचं खाणं आईच्या ताब्यात. मऊ भात, उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन, लाल भोपळा, बिनमिठाचं, आणि त्यात डॉक्टरबाईंनी दिलेली पावडर. दिवसातून चार वेळा, त्यातली दुपारची वेळ आईची. आईने घरात चिकन शिजवायला हरकत घेतली नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. तिने वेगळं पातेलं काढलं आणि त्यावर खडूने 'खा' लिहिलं.

१२ जुलै

मालक झाल्यापासून आई कडक झाली. खारी खाली बसल्याशिवाय थाळी खाली ठेवत नाही. सहा दिवसांत बसायला शिकली. आम्ही 'सिट' म्हणतो, 'बस' म्हणतो, ढिम्म. आई "बस गं बाई" म्हणते तेव्हाच बसते. पूर्ण वाक्य लागतं. परवा शेजारच्या काकू दारात आल्या, आई त्यांना म्हणाली "बस गं बाई", त्याआधी खारी बसली होती.

२० जुलै

अठ्ठाविसावा दिवस. काँक्रीटचा क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून ताकद बघतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश आलेली असते, अठ्ठाविसाव्याला पुरी यावी लागते. मी मुद्दाम या तारखेची वाट बघत होतो. दुपारी खारीला पट्टा लावून बसवली आणि फाटक उघडलं.

मावशी फाटकापर्यंत आली. थांबली. खारीने शेपटी हलवली, पुढचे पाय ताणून ढुंगण वर केलं. कुत्र्याच्या भाषेत हे खेळायचं आमंत्रण. मांजराच्या भाषेत एखादं जनावर असं खाली दबून समोर आलं तर ते झडप घालणार आहे. शेपटीचंही उलटंच. खारीची हलली म्हणजे खूश, मावशीची हलली म्हणजे मागे सरका. खारीला ते ठाऊक नव्हतं. ती भुंकली. मावशीने तिच्या नाकावर उजव्या हाताची एक ठेवून दिली आणि कपाटावर.

नाकावर बारीक ओरखडा, डोळा वाचला. चूक माझी. तोंडासमोर तोंड आणायलाच नको होतं. डॉक्टरबाईंनी आधी वासाची ओळख सांगितली होती, एकीच्या अंथरुणाचं फडकं दुसरीच्या वाटीशी ठेवायचं. ते मी पोरखेळ समजून सोडून दिलं होतं. क्यूब फेल.

उद्यापासून फडकी.

अंतर: शून्य, अर्धा सेकंद. मग १४.

२५ जुलै

माझा आणि लेकीचा रेबीजचा शेवटचा डोस. वॉचमनचा उद्या.

२७ जुलै

वजन ५ किलो १००. दुसरा डोस आणि रेबीजची लस. बारा आठवडे पुरे.

पाळीव प्राण्यांबद्दल लोक विचारतात तो पहिला प्रश्न दवाखान्याच्या बाकावरही आला: कुठली जात? शेजारी गुबगुबीत केसांचं पिल्लू घेऊन एक गृहस्थ बसले होते. म्हटलं, साइट. त्यांना वाटलं नवीन काहीतरी परदेशी आहे. आपल्या भागात शिकारीला मुधोळ, कारवान पाळणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तर ती जात नावारूपाला आणली, २००५ साली तिचं पोस्टाचं तिकीटही निघालं. पण दारोदार हिंडणारं तांबडं कुत्रं यापेक्षा जुनं, आणि त्याला तिकीट लागत नाही.

११ ऑगस्ट

उघडझाप. दमट.

खारीच्या कानामागे दोन गोचीड, पंजाच्या बोटांमध्ये एक. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढले. पिळायचे नाहीत, रॉकेल लावायचं नाही, काडी टेकवायची नाही. साबणाच्या पाण्यात बुडवले. गोचिडातून कुत्र्याच्या रक्तात ताप शिरतो आणि वेळेत कळलं नाही तर प्लेटलेट घसरतात.

बाजारातल्या एका दुकानात मानेवर सोडायचे थेंब मागितले. दुकानदाराने दिले, 'कुत्र्यांसाठी एकदम बेस्ट'. घरी येऊन फोडणार तेवढ्यात लेकीने खोक्याची मागची बाजू वाचली. नखाएवढ्या चित्रात मांजर, वर फुली. परमेथ्रिन, गोचीड मारायचं औषध. कुत्र्याला चालतं, मांजराला नाही. मांजराच्या यकृताला ते फोडून बाहेर टाकता येत नाही, झटके येतात, जीव जातो. आणि कुत्र्याला लावून मांजर त्याच्या अंगाला घासलं किंवा त्याच्या अंथरुणावर झोपलं तरी तेच.

तीन आठवडे मी या दोघींनी एकमेकींच्या अंगाला अंग लावावं म्हणून फडकी बदलतोय. थेंब सोडले असते आणि योजना यशस्वी झाली असती, तर मावशी गेली असती.

थेंब परत केले. डॉक्टरबाईंकडून दोघी असलेल्या घरात चालणारी खायची गोळी आणली. त्यांनी औषध लिहायच्या आधी विचारलं होतं, 'मांजर आहे ना अजून?' दुकानदाराने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्याच वेळी त्यांनी घरातल्या पॅरासिटामॉलचाही विषय काढला. मांजराला अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते. आमच्याकडे ती पट्टी फ्रिजवर असायची. फ्रिजवर मावशी असते. पट्टी डब्यात गेली.

अंतर: ४ फरशा. दोघी झोपलेल्या.

२४ ऑगस्ट

तिसरा डोस, रेबीजचा बूस्टर. साडेसात किलो. आठवड्याभराने रस्ता खुला.

१ सप्टेंबर

खारीचा पहिला पायी फेरफटका, गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत. एकूण शंभर पावलं, वेळ चाळीस मिनिटं. प्रत्येक खांब, प्रत्येक टायर. गटाराच्या झाकणावर पाय ठेवायला नकार. म्हशी बघून माझ्या मागे लपली, मग म्हशी लांब गेल्यावर भुंकली.

पिल्लाचं जग बघायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात असतं. तेव्हा जे बघितलं त्याची भीती पुढे कमी. आणि लस पुरी होते सोळाव्यानंतर. या दोन तारखांचं भांडण कुठल्याच वेळापत्रकात मिटत नाही. आम्ही जुलैभर तिला कडेवर घेऊन फिरवली. पोवई नाक्याची ट्रॅफिक, बँडवाले, शाळा सुटल्यावरची पोरं, सगळं कडेवरून. लोक हसायचे. फुगेवाला म्हणाला, "साहेब, पाय हायत की तिला!"

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. खारीला आरतीच्या टाळांची भीती नाही. झांज वाजली की मान तिरकी. मावशी नेहमीप्रमाणे पाच दिवस माळ्यावर.

आईने पंचखाद्य केलं. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि आमच्या घरचा पाचवा 'ख' म्हणजे खिसमिस. मनुका-बेदाण्याने कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्ल्यावर ते कुत्र्यागणिक वेगळं, त्यामुळे 'एकच खाल्ला' यावर निर्धास्त राहता येत नाही. आईला सांगायची हिंमत होत नव्हती. बायकोने सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काजू टाकते. पाचवा ख आपल्याकडे चार पायांवर फिरतोच आहे."

दुपारी नैवेद्याच्या पाटाजवळ तांदळाएवढं काहीतरी पांढरं सापडलं. पुढचा दुधाचा दात. दुधाचे अठ्ठावीस पडणार, बेचाळीस नवे येणार. बहुतेक दात पिल्लं गिळून टाकतात, हा सापडला. लेकीने काडेपेटीत ठेवला.

या महिन्यातलं नुकसान: माझी डावी चप्पल, बायकोच्या चष्म्याची काडी, साइटचा लेव्हल पाइप (दोन मीटर), सोफ्याचा एक कोपरा. ओल्या फडक्याला पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते चावायला दिलं, त्याने बराच फरक पडला. आणि एक शोध: संध्याकाळी सहानंतर ती जेव्हा वेड्यासारखी चावत सुटते तेव्हा तिला खेळ नको असतो, झोप हवी असते. या वयात दिवसाला अठरा तास झोप लागते. आम्ही चार माणसं आळीपाळीने तिला उठवत होतो.

२ नोव्हेंबर

दिवाळीची तयारी सप्टेंबरपासून. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज, आधी अगदी बारीक, ती जेवत असताना, मग हळूहळू वाढवत. माणसाला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीसपर्यंत, मांजराला त्याहून वर.

काल लक्ष्मीपूजन. साडेसातला माळ लागली. खारीने कान उभे केले, आईकडे पाहिलं, आई वाती वळत होती, पुन्हा झोपली. दोन महिन्यांच्या मेहनतीचं चीज झालं म्हणून मी बायकोला बोलावून आणलं.

मग वारा आला आणि आकाशकंदिलाच्या कागदी झिरमिळ्या हलल्या. खारी किंचाळत आमच्या पलंगाखाली. कंदील उतरवेपर्यंत बाहेर आली नाही. आवाजाची तयारी केली होती, झिरमिळ्यांची कोण करणार?

पलंगाखाली मावशी होती. तिची दरवर्षीची दिवाळीची जागा, नऊ वर्षांची. मी वाकून टॉर्च मारला, कारण आता रक्त निघणार अशी खात्री होती. एका कोपऱ्यात मावशी, पाय पोटाखाली घेऊन. दुसऱ्या कोपऱ्यात खारी, भिंतीकडे तोंड करून. मावशी गुरगुरली नाही. तिने टॉर्चकडे बघून डोळे मिटले. मी टॉर्च बंद केला आणि उठलो.

अंतर: २ फरशा, एकाच छताखाली. छत पलंगाचं.

२३ नोव्हेंबर

थंडी पडली. वजन १३ किलो.

नसबंदी. रात्रीपासून उपाशी, सकाळी दहाला आत, दीडला बाहेर. पिल्लं नकोत हे झालंच, त्याखेरीज पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका उरत नाही. मावशीची आठ वर्षांपूर्वी केली होती. साइटवर मी चार पिल्लांचं काय होतं ते बघितलेलं आहे, त्यामुळे या विषयावर घरात चर्चा झाली नाही.

गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. भोंग्यासकट दारातून जाता येत नाही, हे तिला संध्याकाळपर्यंत समजलं नाही. फाटकात अडकली, सोडवली, पुन्हा अडकली. शेवटी मी पकड घेऊन फाटक बिजागरीतून काढून टाकलं. अडीच फूट उंचीचं, दोनदा जाळी बसवलेलं. भिंतीला टेकवून ठेवलंय.

रात्री खारी हॉलच्या मध्यावर भोंगा टेकवून पडली होती, गुंगीत. मावशी कपाटावरून उतरली. फरशी फरशी करत आली. भोंग्याच्या कडेचा वास घेतला, मग भोंग्यात डोकं घालून खारीच्या कानाचा. दवाखान्याच्या वासाने तोंड वाकडं केलं. उठून दोन फरशा मागे जाऊन बसली आणि स्वतःचाच पंजा चाटू लागली. लेक श्वास रोखून बघत होती. मी फोटो काढायला गेलो तर बायकोने हात धरला.

५ डिसेंबर

टाके काढले. जखम कोरडी.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. आईने सुंठवडा केला. देवघरात दत्ताची तसबीर, पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आई लेकीला सांगत होती. लेकीने विचारलं, मग खारी कितवी? आई म्हणाली, "ही वेद नाही. वेद चपला खात नाहीत."

खारी सकाळभर देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून होती. आत यायचं नाही हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. बहुधा मावशीने. मावशी उंबऱ्यावर झोपते आणि तिला ओलांडून जायची खारीची अजून छाती नाही.

दुपारी ऊन हॉलमध्ये येतं ते तिसऱ्या-चौथ्या फरशीवर. दोघींना तीच जागा हवी असते. मावशी आधी आली, उन्हाच्या मधोमध पसरली. खारी बाजूला उभी राहिली, मग मावशीकडे पाठ करून उन्हाच्या कडेला, अर्धी सावलीत बसली. ऊन सरकलं तशी मावशी सरकली. तशी खारीही.

अंतर: अर्धी फरशी. लेकीने टेप लावून बघितलं, साडेअकरा इंच भरलं.

पट्ट्याची क्लिप तुटली आहे. उद्या साइटवरून येताना आणायची. शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघराच्या गेटसाठी जाळी आहे का विचारलं, त्यांच्याकडे सोमवारी पिल्लू येतंय. भिंतीला टेकवलेलं फाटक दिलं. दोन इंची जाळी आहे, सांगितलं.